काम थांबवायचे कोणी?

पश्चिम बंगालमध्ये अणुवीज प्रकल्प नाही. अणुविज्ञान मात्र आहे, आणि तेही पहिल्या फळीतले. मेघनाद साहांनी कोलकात्यात उभारलेल्या संस्थेचे उद्घाटन ११ जानेवारी १९५० रोजी आयरीन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. बिधाननगरचे सायक्लोट्रॉन १९७७ पासून किरणपुंज देत आले आहे. पण अणूपासून वीज करण्याचा प्रस्ताव दारात आला तेव्हा बंगालने तो परतवला. पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यातल्या हरिपूरची जागा पाहायला २००६ मध्ये आलेल्या पथकाला मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी वाटेतच अडवले. पुढच्याच वर्षी त्याच जिल्ह्यात नंदीग्रामला भूसंपादनाविरुद्ध आंदोलन झाले आणि जमिनीचा प्रश्न पेटला. ऑगस्ट २०११ मध्ये राज्यातल्या नव्या सरकारने हरिपूर नको असे सांगून टाकले आणि विषय संपला.

कोलकात्यात बसून तो संपला असे वाटू शकते. पण या शहरापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, पद्मेच्या काठी, जुन्या हार्डिंज पुलाच्या शेजारी बांगलादेशाचे रूपपूर आहे. तिथे प्रत्येकी १२०० मेगावॉटच्या दोन रशियन भट्ट्या उभारल्या गेल्या आहेत. पहिल्या भट्टीचे पहिले काँक्रीट ३० नोव्हेंबर २०१७ रोजी पडले. मार्च २०१८ मध्ये भारत, रशिया आणि बांगलादेश यांचा करार होऊन या कामात भारतही सामील झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंधन बांगलादेशाच्या हाती सोपवले गेले. तिथला घुमट कसा भरला, नळांचे जोड कसे तपासले, कोणत्या तक्रारीवर काम थांबले आणि कोणत्या तक्रारीवर थांबले नाही, हे ठरवण्यात कोलकात्याच्या नागरिकाला काही स्थान नव्हते. परिणामांत मात्र त्याचा वाटा आहे. आपल्या हद्दीत नको म्हटल्याने बांधकामाच्या दर्जाचा प्रश्न सुटत नाही, तो हद्दीपलीकडे जातो एवढेच.

अणुप्रकल्पाच्या सुरक्षेवर आपल्याकडे बोलणे होते ते किरणोत्साराचे, भूकंपाचे, समुद्राचे, कचऱ्याचे. ती चर्चा हवीच. मला तिच्याही आधीच्या काळाबद्दल बोलायचे आहे. भट्टीत इंधन भरण्यापूर्वीची जी सात, आठ, कधी दहा-बारा वर्षे असतात, त्यांत हजारो माणसे खोदतात, सळई बांधतात, सेंट्रिंग लावतात, काँक्रीट भरतात, नळ जोडतात, केबल ओढतात, शेकडो टनांची यंत्रे उचलून जागेवर बसवतात. पुढे चाळीस-साठ वर्षे ती भट्टी सुरक्षित राहणार की नाही, याचा मोठा भाग या माणसांच्या हातून आधीच ठरून गेलेला असतो. आपल्या व्यवस्थेत मजुराच्या जिवाची सुरक्षा एका खात्याकडे आणि भट्टीची सुरक्षा दुसऱ्या खात्याकडे असते. पहिली हेल्मेट-पट्ट्यांची बाब, दुसरी शास्त्रज्ञांची. मला ही विभागणी मुळातच चुकीची वाटते. दोन्हींची परीक्षा एकाच प्रश्नावर होते: काहीतरी बिघडते आहे हे दिसल्यावर काम थांबवण्याची ताकद कोणाकडे आहे, आणि थांबवणाऱ्याला त्याची काय किंमत द्यावी लागते?

कैगाचा घुमट हे या प्रश्नाचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण. सीमाप्रश्नामुळे कारवारचे नाव मराठी वाचकाला परके नाही. कारवारहून काळी नदीच्या काठाने आत गेले की कैगा लागते. तिथल्या १ क्रमांकाच्या भट्टीच्या इमारतीला, आपल्या त्या पिढीतल्या भट्ट्यांप्रमाणे, दुहेरी कवच होते. आतले कवच पूर्वताणित काँक्रीटचे, म्हणजे काँक्रीटमध्ये सोडलेल्या नळ्यांतून पोलादी केबल ओवून त्यांना प्रचंड ताण द्यायचा आणि त्या ताणाने काँक्रीट आवळून धरायचे. भट्टीत भलतेच काही झाले आणि वाफेचा दाब वाढला, तर तो दाब अडवणारी शेवटची भिंत हीच. १३ मे १९९४ रोजी, केबल ताणण्याच्या टप्प्यात, या कवचाच्या घुमटाच्या आतल्या अंगाचा थर सुटला. सुमारे १३० टन काँक्रीट जवळजवळ तीस मीटरवरून खाली कोसळले. चौदा कामगार जखमी झाले. भट्टीत इंधन नव्हते, म्हणून देशाने ही घटना फारशी लक्षात ठेवली नाही.

थर का सुटला हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात कोणा मजुराचा हलगर्जीपणा नव्हता. ताणलेली केबल सरळ व्हायला बघते. घुमटात ती वक्र बसवलेली असते, त्यामुळे सरळ होऊ पाहताना ती काँक्रीटला आत, खालच्या दिशेने दाबते. ज्या पातळीवर नळ्यांची दाटी असते तिथे मुळात काँक्रीट कमी आणि पोकळी जास्त. त्या पातळीवर वरचा आणि खालचा थर एकमेकांपासून ओढले जातात. दोन्ही थरांना शिवून धरणारी, जाडीच्या दिशेने घातलेली सळई पुरेशी नसेल, तर खालचा थर पापुद्र्यासारखा निघून येतो. कैगाच्या घुमटात पुढे बाष्पजनित्रे बदलता यावीत म्हणून मोठी भोके ठेवली होती, त्यामुळे केबलींची मांडणी आणखी गुंतागुंतीची झाली होती.

आणि हे जगात पहिल्यांदा घडत नव्हते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात टर्की पॉइंट येथे १९७० मध्ये आणि क्रिस्टल रिव्हर येथे १९७६ मध्ये, दोन्ही वेळा बांधकाम चालू असताना, घुमटाचे थर असेच सुटले होते. म्हणजे कैगाच्या आधी दोन दशके हा धोका अभियंत्यांच्या जगात ठाऊक होता. क्रिस्टल रिव्हरची गोष्ट तर पुढेही चालू राहिली. २००९ मध्ये बाष्पजनित्रे बदलण्यासाठी तिथल्या कवचाच्या भिंतीला भोक पाडायला घेतले, तेव्हा भिंतीचा थर सुटला. दुरुस्ती परवडेना, आणि २०१३ मध्ये चांगली चालणारी भट्टी कायमची बंद करावी लागली. एका जागी झालेली चूक दुसऱ्या जागी पोहोचते ती कोणीतरी ती लिहून, छापून, सगळ्यांसमोर ठेवली तरच. अपघाताचा अहवाल कपाटात ठेवणे हे म्हणूनच मला निव्वळ गुप्ततेचे प्रकरण वाटत नाही. पुढच्या घुमटाखाली उभ्या राहणाऱ्या माणसाशी ते थेट निगडित आहे.

कैगात पुढे जे झाले ते चांगले झाले, आणि ते मान्य केले पाहिजे. अणुऊर्जा नियामक मंडळाने काम थांबवले. राजस्थानातल्या रावतभाट्याला तशाच रचनेच्या भट्ट्या बांधल्या जात होत्या, त्यांच्याही घुमटांची रचना नव्याने करायला लावली. काँक्रीट अधिक मजबूत घेतले, थर शिवणारी सळई घातली. १ क्रमांकाची भट्टी २ क्रमांकाच्या मागून, २००० साली सुरू झाली. वर्षे गेली, पैसा गेला, पण घुमट नीट झाला. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष असलेले ए. गोपालकृष्णन यांनी पुढे उघडपणे लिहिले की हे मंडळ ज्या खात्यावर लक्ष ठेवते त्याच खात्याच्या छत्राखाली ते बसते, आणि त्यामुळे त्याचे हात बांधलेले असतात. २०१२ मध्ये महालेखापालांच्या अहवालानेही मंडळाच्या दुय्यम स्थानावर बोट ठेवले. एका मोठ्या पडझडीनंतर काम थांबवता येणे हे एक. पडझड होण्याआधी, संशय आला एवढ्यावरून थांबवता येणे हे वेगळेच. दुसऱ्यासाठी लागते ते स्वातंत्र्य.

आता कोलकात्याकडे येतो. पोस्ता भागातला विवेकानंद रोडचा उड्डाणपूल २००९ पासून बांधला जात होता. मुदती एकामागून एक टळत गेल्या होत्या. ३० मार्च २०१६ च्या रात्री गणेश टॉकीजजवळच्या भागावर काँक्रीट भरले. ३१ तारखेच्या दुपारी तो भाग खालच्या रहदारीवर कोसळला. पंचवीसहून अधिक माणसे मेली, ऐंशीच्या आसपास जखमी झाली. बांधकाम कंपनीच्या एका अधिकाऱ्याने याला देवाची करणी म्हटले, आणि लोकांचा संताप त्या शब्दांवर एकवटला. मला मात्र दुसरी एक बातमी अधिक महत्त्वाची वाटते. जखमी झालेल्या एका मजुराने वार्ताहरांना सांगितले होते की गर्डरना काँक्रीटचे वजन पेलत नव्हते आणि त्या सकाळी बोल्ट निघू लागले होते.

म्हणजे त्याने पाहिले होते. पुलाची गणिते करणाऱ्यांनी, देखरेख करणाऱ्यांनी, मुदतवाढ देणाऱ्यांनी जे पाहिले नाही किंवा पाहूनही बाजूला सारले, ते हाताने काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसले. पण त्या दिसण्याला पुढे जायला वाट नव्हती. त्याच्या वर मुकादम, मुकादमाच्या वर पेटी ठेकेदार, त्याच्या वर उपठेकेदार, मग मुख्य कंपनी, मग सरकारी संस्था. या उतरंडीत वरून खाली हुकूम उतरतो, पैसा झिरपत झिरपत उतरतो. खालून वर मात्र जवळजवळ काहीच चढत नाही. सकाळी बोल्ट निघताना दिसल्यावर खालचा रस्ता बंद करा असे म्हणण्याचा अधिकार त्या मजुराकडे असता, तर पूल कदाचित पडलाच असता, पण माणसे वाचली असती. याच शहरात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मेट्रोच्या बोगद्याचे यंत्र बोबाजारखाली पाण्याच्या थरात घुसले. दुर्गा पिथुरी लेन आणि आसपासची घरे खचली, काही कोसळली, शेकडो माणसे रस्त्यावर आली, पण घरे रिकामी केल्यामुळे कोणी मेले नाही. अपघात टळला नाही तरी त्याची किंमत ठरवण्याची संधी वेळीच थांबणाऱ्याला मिळते.

यावर कोणी म्हणेल, उड्डाणपूल आणि अणुप्रकल्प यांची तुलना कशाला? अणुप्रकल्पावर शिस्त वेगळी असते. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि तसे असण्यामागे अनेकांचे वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत. आपल्या अणुप्रकल्पांच्या जागेवर उंचीवर चढण्याआधी वैद्यकीय तपासणी आणि पास लागतो. परांची तपासून तिच्यावर चिठ्ठी लावल्याशिवाय तिच्यावर पाय ठेवायचा नसतो. मोठे ओझे उचलण्याआधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. उत्खनन, पहिले काँक्रीट, मुख्य यंत्रांची उभारणी या प्रत्येक टप्प्याला नियामक मंडळाची वेगळी संमती लागते. इतर बहुतेक बांधकामांवर यातले निम्मेही नसते.

पण माणसे तीच असतात. काल मेट्रोचा खांब बांधणारी सळईवाल्यांची टोळी आज भट्टीच्या कवचाची सळई बांधते आणि उद्या महामार्गाच्या पुलावर जाते. मुख्य कंपन्याही बऱ्याचदा त्याच, आणि त्यांच्या खालची उतरंडही तीच. बाहेर वर्षानुवर्षे गप्प राहण्याचे शिक्षण घेतलेला माणूस फाटकातून आत आल्याबरोबर बोलू लागेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? तिथे त्याला तेवढ्याने नवे मन मिळत नाही. कवचाच्या भिंतीत सळई इतकी दाट असते की काँक्रीट आत नीट उतरावे म्हणून व्हायब्रेटर घालायलाही मुश्किलीने जागा मिळते. कुठे पोकळी राहिली हे बाहेरून दिसत नाही. ते फक्त त्या क्षणी तिथे वाकून उभ्या असलेल्या माणसाला कळते. तो गप्प राहिला तर पुढे तपासणीत सापडेल, किंवा सापडणारही नाही.

जोडणीच्या कामात हे अधिकच टोकदार होते. १९७५ च्या २२ मार्चला अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी प्रकल्पात केबल जिथून भिंतीतून आत जातात तिथली फट बुजवण्याचे काम चालले होते. हवा झिरपते का ते पाहायला मेणबत्तीची ज्योत धरली जात असे. त्या दिवशी ज्योतीने फटीतला फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली, सोळाशेहून अधिक केबल जळल्या आणि चालू भट्ट्यांवरचे नियंत्रण धोक्यात आले. अशी तपासणी बरेच दिवस चालू होती, म्हणजे ती धोक्याची आहे हे तिथल्या कोणाला ना कोणाला जाणवले असणारच. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले. ती आग जीवघेणी ठरू पाहत होती ती केबलींमुळे. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबल आग अडवणारा पडदा न ठेवता एकाच मार्गाने नेल्या होत्या. एक जळली तशी दुसरीही जळली, आणि सतरा तास भट्टीला वीज नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी अंधारात, हातात विजेरी घेऊन चढून झडपा उघडल्या आणि डिझेलच्या अग्निशमन पंपांनी पाणी चालू ठेवले. त्यांच्या धैर्याबद्दल देशाने कृतज्ञ राहिले पाहिजे. पण ज्या दिवशी त्या केबल टाकल्या गेल्या त्या दिवशी कोणाला विचारता आले असते की दोन्ही एकाच वाटेने का? विचारले असते तर ऐकले गेले असते का?

ओझे उचलण्याचेही तसेच. अमेरिकेतल्या आर्कान्सस न्यूक्लिअर वन येथे ३१ मार्च २०१३ रोजी सुमारे ५२५ टनांचा जनित्राचा स्टेटर बाहेर काढताना तात्पुरती उभारलेली उचलण्याची चौकट कोसळली. एक कामगार ठार झाला, आठ जखमी झाले, आणि स्टेटर पडल्याच्या धक्क्याने शेजारची चालू भट्टी बंद पडली. ती चौकट वापरण्याआधी तिच्यावर पूर्ण भाराची चाचणी झालेली नव्हती. मजुराचा जीव आणि भट्टीची सुरक्षा एकच, हे इतके स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना मला माहीत नाही. आपल्याकडे हे काम खलाशी करतात. वायररोप, कप्पी आणि अनुभव यांच्या जोरावर अवजड यंत्र सुतासारखे जागेवर बसवणारी ही माणसे आपल्या उद्योगांचा खरा आधार आहेत. ओझे हवेत असताना दोराचा आवाज बदलला हे सर्वांत आधी खलाशाच्या कानाला कळते. तो हात वर करतो तेव्हा क्रेनवाल्याने थांबायचे, ही जुनी, सर्वमान्य रीत आहे. खलाशाच्या त्या वर केलेल्या हाताला जो मान आहे तोच सळईवाल्याच्या, वेल्डरच्या, केबल ओढणाऱ्याच्या हाताला मिळाला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

किरणोत्सार इंधनाबरोबरच येतो ही समजूतही इथेच सोडली पाहिजे. नळांचे हजारो वेल्ड आतून नीट आहेत का हे पाहण्यासाठी बांधकामाच्या काळातच, बहुधा रात्री, इरिडियम-१९२ सारख्या स्रोताने त्यांची छायाचित्रे घेतली जातात. तो भाग रिकामा करून दोरी बांधावी लागते. रात्रपाळीचा बिगारी ती दोरी ओलांडून झोपायला आडोशाला गेला, तर त्याला कळणारही नाही. त्याला कोणत्या भाषेत सांगितले होते? सकाळच्या सुरक्षेच्या सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत होतात आणि ऐकणाऱ्यांत मालद्याचा, पलामूचा, गंजामचा, आदिलाबादचा माणूस असतो. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी मिझोरममध्ये सैरांगजवळ रेल्वेपुलाचे काम चालू असताना गर्डर उभारण्याची चौकट कोसळली. वीसहून अधिक मजूर मेले, त्यांतले बहुतेक मालदा जिल्ह्यातले. बंगालने हरिपूर नाकारले, पण बंगालचा मजूर देशभर पूल, बोगदे आणि वीजकेंद्रे बांधतो. बिहार, झारखंड, ओडिशाचे तसेच. या माणसाच्या नजरेतून काम थांबवण्याचा अर्थ काय होतो ते पाहा. काम थांबले की हजेरी बुडते. त्याची स्वतःचीच नव्हे, पूर्ण टोळीची. सूचना देणारा माणूस टोळीच्या नजरेत त्या दिवसाच्या रोजगाराचा चोर ठरतो. मुकादमाला महिन्याचे काम मोजून पैसे मिळतात, त्यामुळे त्याच्या नजरेत तो कामचुकार. ठेकेदाराच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा पगार ठेकेदारच देतो, त्यामुळे तोही दोन्हीकडे बघून बोलतो. अशा माणसाला प्रशिक्षण दिले, पोस्टर लावले, शपथ घ्यायला लावली, तरी तो बोलणार नाही, आणि न बोलण्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

आपला कायदा इथे अर्ध्यावर थांबतो. कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीत होता तसा, आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही जिवावर बेतणारा धोका दिसल्यास तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम सुरक्षा कराराने त्यापुढे जाऊन धोक्यातून बाजूला होण्याचा हक्क मान्य केला. पण कळवण्याचा हक्क असो की बाजूला होण्याचा, त्या थांबलेल्या वेळेची मजुरी कोण देणार हे लिहिलेले नसेल तर रोजंदारीच्या माणसासाठी तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून माझा आग्रह साध्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीवर आहे: निविदेवर. सुरक्षेसाठी लागणारा खर्च, म्हणजे परांची, जाळ्या, प्रशिक्षण, दुभाषे आणि थांबलेल्या तासांची पूर्ण हजेरी, हे निविदेत वेगळे कलम असावे, त्याचा दर आधीच ठरलेला असावा, आणि त्यावर बोली लावून कमी करण्याची मुभा कोणत्याही ठेकेदाराला नसावी. सर्वांत कमी बोलीवाल्याला काम देण्याची पद्धत जोवर हा खर्च एकूण रकमेत मिसळते, तोवर बोली कमी करण्याची सर्वांत सोपी जागा तीच राहते.

जैतापूर अणुप्रकल्पाच्या निमित्ताने मराठी वाचकाने फ्रान्स आणि फिनलंडकडे लक्ष द्यायला हवे, कारण माडबनला प्रस्तावित असलेल्या सहा भट्ट्या ईपीआर जातीच्या आहेत आणि त्या जातीच्या पहिल्या भट्ट्या तिथे बांधायला घेतल्या गेल्या. फिनलंडच्या ओल्किलुओतो येथे २००५ मध्ये काम सुरू झाले. वर्षभरातच पायाच्या काँक्रीटमध्ये आणि पोलादी अस्तरात दोष निघाले. तिथल्या नियामकाने २००६ मध्ये चौकशी करून अहवाल जाहीर केला. त्यात उपठेकेदारांना अणुप्रकल्पाच्या कामाची वेगळी जबाबदारी नीट समजावलीच गेली नव्हती, असे स्पष्ट लिहिले होते. ती भट्टी नियमित चालू व्हायला २०२३ उजाडले. फ्रान्सच्या फ्लामांव्हीलमध्ये २००८ मध्ये सळई चुकीची बांधल्याचे आढळल्यावर नियामकाने काँक्रीट भरणे काही आठवडे थांबवायला लावले. जानेवारी २०११ मध्ये एका मजुराचा पडून मृत्यू झाला. पूर्व युरोपातून आणलेल्या शेकडो कामगारांना बेकायदा पद्धतीने कामावर ठेवल्याबद्दल २०१५ मध्ये न्यायालयाने बांधकाम कंपनीला दोषी ठरवले. कवचातून जाणाऱ्या नळांचे आठ वेल्ड दुरुस्त करा, असा आदेश २०१९ मध्ये निघाला. २०१२ ला चालू व्हायची भट्टी डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. श्रीमंत, अनुभवी देशांत हे झाले. परक्या मजुरांना बेकायदा राबवणारी जागा आणि ज्या जागेवर वेल्ड पुन्हा करावे लागले ती जागा एकच होती, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. आणि उशीर झाला म्हणून नियामकाला दोष देणारे विसरतात की दोष आधी होता, थांबणे नंतर आले.

देशाने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. आज आपण ९ हजार मेगावॉटच्या आसपास आहोत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा करून खासगी कंपन्यांना दार उघडले आणि नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले. हे दुसरे पाऊल फार वर्षे रखडले होते आणि मला त्याचे मनापासून स्वागत करावेसे वाटते. पण वीस-बावीस वर्षांत दसपटीहून अधिक वाढ म्हणजे एकाच वेळी अनेक जागी चाललेले बांधकाम, नवे ठेकेदार, पहिल्यांदाच अशा कामावर आलेल्या टोळ्या आणि प्रत्येक जागी तारखेचा दबाव. वेगाचा पहिला भार नेहमी त्याच उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसावर पडतो.

नव्या मंडळाचे स्वातंत्र्य भाषणांतून कळणार नाही. ते कळेल बांधकामाच्या जागेवर मंडळाचा माणूस रोज असतो का, मजुराला ठेकेदाराला वगळून थेट त्याच्याशी आपल्या भाषेत बोलता येते का, आणि प्रत्येक मृत्यूचा, प्रत्येक कोसळलेल्या चौकटीचा चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत मराठी, बंगाली, कन्नड, तमिळ या भाषांत सगळ्यांसमोर येतो का, यावरून. कैगात आता ५ आणि ६ क्रमांकाच्या, प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांचे काम हाती घेतले आहे. त्या कामाच्या करारात थांबलेल्या तासाच्या हजेरीचे कलम आहे का, आणि असेल तर गेल्या वर्षभरात त्यातून किती मजुरांना पैसे मिळाले, हे कारवारच्या, कोल्हापूरच्या, कोलकात्याच्याही नागरिकाने माहितीच्या अधिकारात विचारावे. त्या कलमाखालचा आकडा शून्य असेल, तर तिथे धोका नव्हता असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. कोणी बोलले नाही, असा लावावा, आणि का बोलले नाही याची चौकशी मंडळाने घुमटाच्या पहिल्या काँक्रीटआधी करावी.